पेला टेबलावर ठेवला की टेबलावर आहे? जर्मनमधला डेन-डेमचा घोळ

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांना द्यायच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,०००वरून ९०,०००पर्यंत वाढवणार असल्याचं जाहीर केलं. पुण्यात जर्मन पूर्वीही शिकत होतेच लोक, पण ते अकरावीत जास्त मार्क मिळतात म्हणून किंवा इंजिनिअरिंगनंतर मास्टर्सला जायचं म्हणून. आता माझ्या संध्याकाळच्या वर्गात नर्स असतात, इलेक्ट्रिशियन असतात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलेली मुलं असतात. पहिले दोन महिने मजेत जातात. नाव सांगा, गाव सांगा, सफरचंदाचा भाव विचारा. मग एक दिवस पुस्तकात एका खोलीचं चित्र येतं. टेबल, दिवा, सोफा, सोफ्याखाली मांजर. (जर्मन शिकवायच्या पुस्तकात मांजर सोफ्याखाली का असते, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.) प्रश्न साधा असतो: मांजर कुठे आहे? आणि वर्ग गप्प होतो.

ती शांतता मोडावी म्हणून हा लेख. जर्मन येत नसेल तरी वाचायला हरकत नाही, कारण यात मराठीबद्दलही बरंच काही निघतं.

घोळ नेमका कुठे आहे

"मी पेला टेबलावर ठेवतो." "पेला टेबलावर आहे." दोन्ही वाक्यांत 'टेबलावर' अक्षरशः तेच. पेला हलतोय की नुसता बसलाय, ते मराठी क्रियापदावर सोडून देते.

जर्मन तसं सोडून देत नाही. टेबल म्हणजे डेर टिश. यातला 'डेर' हा नामाआधी येणारा छोटा शब्द आपल्या 'तो'सारखं लिंग सांगतो: डेर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. (हो, डास. यावरचा विनोद प्रत्येक बॅचमध्ये एकदा होतो, तो होऊन जाऊ द्यावा.) 'वर'ला जर्मन शब्द आउफ, आणि तो नामाच्या मागे न चिकटता पुढे येतो. आता बघा:

इश श्टेले डास ग्लास आउफ डेन टिश. मी पेला टेबलावर ठेवतो.
डास ग्लास श्टेट आउफ डेम टिश. पेला टेबलावर आहे.

डेन आणि डेम. एका अक्षराचा फरक, आणि त्यातच सगळा घोळ. मराठीत 'घोडा'चं 'घोड्यावर' होताना नाम स्वतः वाकतं. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा ताठ राहतं, त्याच्या पुढचा डेर वाकतो.

असे दोन रूपं घेणारे शब्द मोजून नऊ आहेत: आन (ला, पाशी), आउफ (वर, टेकून), हिंटर (मागे), इन (आत), नेबन (शेजारी), यूबर (वरती, न टेकता), उंटर (खाली), फोर (समोर), त्स्विशन (दोघांच्या मध्ये). जर्मनमध्ये यांना आलटून-पालटून चालणारे म्हणतात. डेन-रूपाचं व्याकरणातलं नाव अकुझाटिव आणि डेम-रूपाचं डाटिव. पुस्तकात ही नावं दिसली तर दचकू नये म्हणून सांगितली; आपण डेन आणि डेमच म्हणू.

हे आपण शाळेत शिकलोय, फक्त तास संस्कृतचा होता

आठवीत संस्कृत घेतलं असेल तर ही वाक्यं आठवतील. रामः वनं गच्छति. रामः वने वसति. जाताना वनम्, द्वितीया. राहताना वने, सप्तमी. हेच जर्मनमध्ये म्हणू. जंगल म्हणजे डेर वाल्ड. राम गेट इन डेन वाल्ड. राम वोन्ट इम वाल्ड. (इन आणि डेम पटकन म्हटले की इम.) जाताना डेन, राहताना डेम.

हा योगायोग नाही. संस्कृत आणि जर्मन एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. गंतव्य द्वितीयेत आणि ठिकाण सप्तमीत ही त्या कुळाची जुनी रीत. जर्मनच्या शाखेत सप्तमी वेगळी उरली नाही, तिचं काम चतुर्थीकडे, म्हणजे डेम-रूपाकडे गेलं. द्वितीया मात्र आपल्या जागी राहिली. मराठीत 'वनात गेला' आणि 'वनात राहिला' एकसारखेच झाले. तरी जुनी सवय पूर्ण मोडलेली नाही. आपण 'पुण्याला जातो' म्हणतो आणि 'पुण्यात राहतो' म्हणतो. 'पुण्याला राहतो' कुठेकुठे ऐकू येतं, पण 'ला' आणि 'त' यांच्यातला फरक कानाला कळतो. म्हणजे जर्मन माणूस जे नऊ शब्दांच्या बाबतीत कटाक्षाने करतो, ते आपण गावांच्या नावांच्या बाबतीत सैलपणे करतोच.

मी वर्गात संस्कृत घेतलेल्यांना हात वर करायला सांगते. चार-पाच हात येतात. त्या दिवसापुरते ते वर्गाचे हिरो.

कसोटी हालचालीची नाही, उंबरठ्याची

बऱ्याच क्लासमध्ये शिकवतात: हालचाल असेल तर डेन, स्थिर असेल तर डेम. हे अर्धवट आहे आणि पुढे त्रास देतं. समजा फोनवर बोलत तुम्ही स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालताय. हालचाल भरपूर. पण तुम्ही स्वयंपाकघराबाहेर गेलेला नाहीत. म्हणून इथे 'आहे'चंच रूप लागतं: इश गेहे इन डेर क्यूशे हिन उंट हेर. क्यूशे स्त्रीलिंगी, डी क्यूशे, तिचं 'आहे'चं रूप इन डेर क्यूशे. बाहेरच्या खोलीतून आत आलात, उंबरठा ओलांडलात, की इन डी क्यूशे.

मांजरीचंच उदाहरण घेऊ, ती पुस्तकात आहेच. डी काट्से श्प्रिंग्ट आउफ डेन टिश: मांजर जमिनीवरून टेबलावर उडी मारते. डी काट्से श्प्रिंग्ट आउफ डेम टिश: मांजर आधीच टेबलावर आहे आणि तिथल्या तिथे उड्या मारतेय. पहिल्या मांजरीला हाकलायचं, दुसरीचा व्हिडिओ काढायचा.

म्हणजे स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: या वाक्यात कोणी उंबरठा ओलांडला का? आधी तिथे नव्हता आणि आता तिथे आहे, असं काही झालं का? माणूस असो, मांजर असो, पेला असो. झालं असेल तर डेन, नसेल तर डेम.

न म्हणजे निघाला, म म्हणजे मुक्काम

रूपं पाठ करताना एक मराठी युक्ती चालते. डेन, आइनन (म्हणजे 'एक'): शेवटी न, निघाला. डेम, आइनम, इम, आम (आन आणि डेम मिळून): शेवटी म, मुक्काम. स्त्रीलिंगात मुक्कामाचं रूप डेर, आइनर: शेवटी र, राहिली.

आता पूर्ण हिशेब. पुल्लिंगी डेर निघताना डेन, मुक्कामी डेम. नपुंसकलिंगी डास निघताना डासच, मुक्कामी डेम. स्त्रीलिंगी डी निघताना डीच, मुक्कामी डेर. इन आणि डास मिळून इन्स होतं: इन्स बेट म्हणजे पलंगात, जाताना. इम बेट म्हणजे पलंगात, लोळताना.

युक्ती एका जागी फसते. अनेकवचनात मुक्कामाचं रूप डेन आहे. त्स्विशन डेन श्ट्यूलन, म्हणजे खुर्च्यांच्या मध्ये. तिथे 'न' दिसला तरी कोणी कुठे निघालेलं नाही. हा अपवाद पहिल्या आठवड्यात सांगू नये असं माझं मत आहे. आधी एकवचन तोंडात बसू द्यावं.

नुसतं 'ठेव' म्हणून भागत नाही

आता घरात शिरू. मराठीत 'ठेव' हा शब्द सगळ्या घराला पुरतो. जर्मन माणूस वस्तू कशी ठेवली ते विचारतो. उभी ठेवली तर श्टेलन, आडवी ठेवली तर लेगन, बसवली तर झेट्सन, टांगली तर हेंगन. आणि ठेवून झाल्यावर ती वस्तू श्टेट (उभी आहे), लीग्ट (पडून आहे), झिट्स्ट (बसलीय), हेंग्ट (लटकतेय). पुस्तक टेबलावर असेल तर ते 'पडून' असतं, फळीवर ओळीने लावलं तर 'उभं' असतं. मोबाइल पडून, बाटली उभी, बूट उभे. कुलुपातली किल्ली वेगळीच: ती श्टेक्ट, म्हणजे खुपसलेली.

सगळ्यांना चकवते ती ताटली. चपटी, आडवी, तरीही जर्मन टेलर (म्हणजे ताटलीच, शिंपी नव्हे) टेबलावर उभा असतो. कारण त्याला खाली बूड असतं, आणि बुडावर टेकून आहे ते उभं. पण त्याच्या शेजारचे चमचा, काटा, सुरी पडून असतात. हे विचित्र वाटतं तेव्हा मी विचारते, आपण पाट काय करतो? मांडतो. अंथरूण? घालतो. हंड्यांची उतरंड? रचतो. 'अंथरूण मांड' असं म्हणणाऱ्या परदेशी माणसाकडे आपण जसं बघू, तसंच 'टेलर लीग्ट' म्हणणाऱ्याकडे ते बघतात.

या जोड्यांत मराठीला ओळखीचं आणखी एक काही आहे. झिट्सन म्हणजे बसणे आणि झेट्सन म्हणजे बसवणे. लीगन म्हणजे पडून असणे आणि लेगन म्हणजे आडवं करून ठेवणे. हे आपलं प्रयोजक क्रियापद. झिट्सन-झेट्सन तर संस्कृतच्या सद् धातूचे सख्खे भाऊबंद आहेत: सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. म्हणून सोपं सूत्र असं: 'बसवणे'वाली क्रियापदं निघाल्याचं रूप मागतात, 'बसणे'वाली मुक्कामाचं. क्रियापद नीट ऐकलं की डेन की डेम हा निर्णय निम्मा झालेला असतो. हेंगन आणि किल्लीचं श्टेकन मात्र दोन्हीकडे चालतात, तिथे डोकं चालवावं लागतं.

वर्गात मी हे पुस्तकातून शिकवत नाही. टेबलावर एक स्टीलचा पेला, एक चमचा आणि ओढणी ठेवते. एकाने कृती करायची आणि करताना बोलायचं, दुसऱ्याने लगेच परिणाम सांगायचा. "मी चमचा पेल्यात ठेवते." "चमचा पेल्यात आहे." पंधरा मिनिटांत आवाज इतका वाढतो की शेजारचे दार लावून घेतात.

भिंतीवरचं चित्र भिंतीवर नसतं

मराठी बोलणाऱ्यांची खास चूक इथे होते. आपण म्हणतो भिंतीवर चित्र आहे, म्हणून मुलं आउफ लावतात. जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे मग भिंतीच्या माथ्यावर, कठड्यावर ठेवावं तसं ठेवलेलं चित्र येतं. आउफ हा आडव्या पृष्ठभागावर टेकलेल्या वस्तूचा शब्द. उभ्या पृष्ठभागाला लागलेली वस्तू आन असते. डास बिल्ड हेंग्ट आन डेर वांट.

आन मराठीत शोधायचा तर 'वर'मध्ये शोधू नका, 'ला' आणि 'पाशी'मध्ये शोधा. भिंतीला खिळा, छताला पंखा, दाराला तोरण, खिडकीपाशी खुर्ची. हे सगळे आन. आणि जेवणाच्या टेबलावर लटकणारा दिवा टेबलाला टेकत नाही, म्हणून तो यूबर डेम टिश. आपल्या एका 'वर'ची त्यांच्याकडे तीन पोरं आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

घरातल्या वस्तूंचं लिंग कसं लक्षात ठेवायचं

डेन की डेम ठरवायला आधी वस्तू डेर, डी की डास हे माहीत हवं. मराठीला तीन लिंगं असल्यामुळे आपल्याला कल्पना नवी नाही, हिंदी बोलणाऱ्यापेक्षा आपण एक पाऊल पुढे असतो. पण लिंगं जुळतीलच असं नाही. घर ते, डास हाउस. भिंत ती, डी वांट. मूल ते, डास किंट. इथवर पोचून आनंद होतो, तेवढ्यात खुर्ची 'तो' निघते (डेर श्टूल), दार 'ती' (डी ट्यूर) आणि खिडकी 'ते' (डास फेन्स्टर). चमचा, काटा, सुरी या एकाच ताटाशेजारच्या तिघांना तीन लिंगं: डेर ल्योफल, डी गाबल, डास मेसर.

एक आधार मात्र भक्कम आहे. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. श्रांक म्हणजे कपाट, पुल्लिंगी. क्यूल म्हणजे थंड. थंड कपाट, क्यूलश्रांक, म्हणजे फ्रिज, म्हणून तोही डेर. त्सिमर म्हणजे खोली, नपुंसकलिंगी, म्हणून झोपायची, बसायची, अंघोळीची, सगळ्या खोल्या डास. आणि टोप्फ म्हणजे पातेलं. मुंबईत वाढलेल्याला 'टोप' वेगळा पाठ करावा लागत नाही. तो आपल्यासारखाच पुल्लिंगी, डेर टोप्फ.

वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या असतील तर नुसता शब्द लिहू नका. फ्रिजवर 'इम क्यूलश्रांक' लिहा, आतल्या दुधाच्या पिशवीला उद्देशून. जागेसकट शब्द डोक्यात गेला की लिंग मागच्या दाराने आत येतं.

"पण बस तर अजून आलीच नाही!"

आता शंका. सगळ्यात पहिली थांब्यावर उभं राहण्याची. बसची वाट बघणं म्हणजे जर्मनमध्ये आउफ डेन बुस वार्टन. माणूस खांबासारखा उभा आहे, बस आलेली नाही, मग डेन कुठून आला? उत्तर असं की इथे आउफ जागा सांगतच नाही. वाट बघणे, एखाद्या विषयावर बोलणे, कोणाची आठवण काढणे, अशा मनाच्या कामांत हे नऊ शब्द क्रियापदाचे गुलाम होतात आणि क्रियापद म्हणेल ते रूप घेतात. आउफ आणि यूबर अशा वेळी बहुधा निघाल्याचं रूप घेतात. बाकी क्रियापदासकट पाठ करायचं. उंबरठ्याची कसोटी फक्त खऱ्या जागेसाठी.

दुसरी शंका: "मी डॉक्टरकडे जातो, निघालो तर आहे, मग त्सुम आर्ट्स्टमध्ये म कसा?" त्सुम म्हणजे त्सु (कडे) आणि डेम मिळून, आणि त्सु हा शब्द त्या नवांत नाही. त्सु, मिट, फोन, आउस, बाय, नाख, झाइट हे एकनिष्ठ आहेत, काहीही झालं तरी मुक्कामाचंच रूप घेतात. त्यांना उंबरठा विचारायचाच नाही.

तिसरी शंका हुशार विद्यार्थ्यांची असते. स्टेशनवर पोचलो, म्हणजे उंबरठा ओलांडलाच, तरी जर्मन माणूस आम बानहोफ म्हणतो, म लावतो. गाडी घरासमोर लावली, तरी फोर डेम हाउस. पोचणे, गाडी लावणे या क्रिया जर्मनच्या नजरेत शेवटच्या क्षणाच्या आहेत: प्रवास संपला, आता हिशेब फक्त जागेचा. उलट कचऱ्याबद्दल सांगताना 'हे ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातं' याला जर्मन वाक्य आहे डास गेह्योर्ट इन डी बिओटोने. साल अजून हातातच आहे, तरी निघाल्याचं रूप. आपणही 'जातं' म्हणतोच की. जर्मनीत कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात आणि शेजारी ते बघत असतात, तेव्हा हे वाक्य पहिल्या आठवड्यातच कानावर पडेल.

चुकलं तर समजत नाही का?

समजतं. "पेला आउफ डेम टिश ठेव" म्हणालात तरी पेला टेबलावरच येतो, कारण क्रियापदाने काम केलेलं असतं. बर्लिनच्या बोलीत खुद्द जर्मन लोक 'मिर' आणि 'मिश', म्हणजे 'मला'ची दोन रूपं, एकमेकांच्या जागी वापरतात आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणून वाक्याच्या मध्यावर थांबून डेन की डेम करत छताकडे बघणं हा सगळ्यात वाईट पर्याय. चुकीचं का होईना, वाक्य पुरं करा.

पण जाणे, धावणे, उडी मारणे, गाडी चालवणे यांत क्रियापद दोन्हीकडे तेच असतं, तिथे फक्त हे एक अक्षर अर्थ सांगतं. इन डी श्टाट म्हणजे गाडीने शहरात जाणं, इन डेर श्टाट म्हणजे शहरातल्या शहरात गाडी फिरवणं. नर्सला साधारण बी-टू पातळीपर्यंत (ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांतली चौथी) जर्मन लागतं. तिने रुग्ण पलंगावर आहे की पलंगावर न्यायचा आहे यात गोंधळ केला तर समोरचा पुन्हा विचारेल. दहादा विचारावं लागलं की तो विचारायचं सोडून स्वतःच करायला लागतो, आणि हे मुलांना जास्त लागतं.

आणि मग श्वाबिश घर

करार ज्या राज्याशी झालाय तिथली राजधानी श्टुटगार्ट, मुंबईचं १९६८पासूनचं भगिनी-शहर. तिथे श्वाबिश बोली चालते, आणि घरातले शब्द तिथे थोडे वाकडे जातात. पुस्तकात टेपिश म्हणजे जमिनीवरचा गालिचा. श्वाबिश आजी मात्र पांघरायच्या लोकरी घोंगडीला टेपिश म्हणते. हेबन म्हणजे उचलणे असं तुम्ही पाठ केलेलं असतं, तिथे ते 'धरून ठेव'. ब्यूने म्हणजे रंगमंच, तिथे माळा. "ते खोकं ब्यूनेवर ठेव" असं घरमालकीण म्हणाली तर नाट्यगृह शोधू नका. प्रमाण जर्मनमध्ये डेके या एकाच शब्दाला छत आणि पांघरूण असे दोन अर्थ आहेतच, त्यात ही भर.

नऊ शब्द आणि डेन-डेम मात्र तिथेही भेटतात. श्वाबिश इमारतीत केअरवोखे नावाची प्रथा असते: जिना, तळघराची वाट, दारापुढचा फुटपाथ झाडायची पाळी, आठवड्याला एका घराची. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवतात. रविवारी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजतात, शेजारची बाई पाटी तुमच्या दाराला लावून जाते. आन डी ट्यूर, निघाली. सोमवारी सकाळी तुम्ही दार उघडता, पाटी तिथेच. आन डेर ट्यूर, राहिली. झाडू घ्या.